हाकेचा खांब

वाम मासा सोलायचा तर आधी राखेत लोळवावा लागतो, नाहीतर मेल्यावरही तो हातातून निसटतो. एब्बा दाराबाहेरच्या ओंडक्यावर बसून तेच करत होती. तिचा बाप ऑर्डगार उंबऱ्यात बसून हिरव्या डहाळ्यांच्या जुड्या बांधत होता. आत मिल्डगिथ आत्याचं जातं घरघरत होतं. आभाळ स्वच्छ होतं, वारा पडला होता आणि समोरची खाडी ओहोटीला लागली होती.

"काल लेओफाशी बोलणं झालं," ऑर्डगार म्हणाला.

"मिठाचं?"

"तुझं."

एब्बाचा सुरा थांबला. गावाच्या वरच्या अंगाला लेओफाच्या मिठाच्या भट्ट्या होत्या. बायको वारलेली, पदरात लहान पोरं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या अंगाला कायम धुराचा वास यायचा, इतकंच.

"त्याची बायको गेली, तुझा नवरा गेला. दोन चुली पेटवण्यापेक्षा एकच पेटवा. मी शब्द दिलाय त्याला."

"लाकडं वाचावीत म्हणून माझं लग्न लावतोस, बा?"

"लाकूड फार लांबून आणावं लागतं, पोरी."

आणि तो स्वतःच हसला. आपलं चुकलंय हे उमगलं की तो विनोद करायचा. आतून आत्या ओरडली, "देऊन टाक रे! ही मठात लॅटिन शिकून आलेली. हिचं बोलणं त्या लेओफाला कळायचंच नाही. सुखाचा संसार होईल. माझ्या नवऱ्याला सगळं कळायचं, म्हणून तर रोज भांडण."

"मला कुणी विचारलं?" एब्बा म्हणाली.

"विचारतोय की आता."

"शब्द देऊन झाल्यावर?"

ऑर्डगारने जुड्या पाठीशी टाकल्या आणि भिंतीला टेकवलेली लांब काठी डाव्या हातात घेतली. तो डावखुरा होता. "बेटावरच्या मेंढ्या घेऊन येतो. उधाणाच्या आत आणल्या पाहिजेत. आल्यावर बोलू. भाकर दे."

"फळीवर आहे. हात आहेत तुला."

त्याने आत जाऊन स्वतः भाकर घेतली. खाजणाच्या वाटेला लागताना तो क्षणभर थांबला, नाक वर करून त्याने हवा हुंगली. "वारा पार पडलाय. धुकं येईल. लक्ष ठेव."

तिने उत्तर दिलं नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही. न बोलणं ही तिची लहानपणापासूनची सवय होती.

सेल्टन गाव आणि मेंढ्यांचं बेट यांच्यामधली रेती ओहोटीला उघडी पडे. दिसायला सगळी सारखी, पण पायाखाली सारखी नव्हे. काही ठिकाणी बैलगाडी जाईल, आणि दोन हात बाजूला माणूस कमरेपर्यंत जाऊन तिथेच राहील. घट्ट वाट प्रत्येक वादळात सरके. ती शोधायची, दोन्ही अंगांना काठ्या रोवायच्या आणि काठ्यांवर डहाळ्यांच्या जुड्या बांधायच्या, हे वाट धरायचं काम ऑर्डगारच्या घराण्याकडे चालत आलं होतं.

धुक्यात काठ्या दिसत नाहीत. तेव्हा वाट धरणाऱ्याच्या घरची बाई खाजणाच्या टोकाला, घट्ट जमीन संपते तिथे जाई. तिथे ओकचा एक काळा खांब होता. त्याला एका हाताने धरायचं आणि हाक द्यायची. शिंग फुंकायचं नाही. ऑर्डगार म्हणायचा, धुक्यात शिंग चहूकडून ऐकू येतं, माणसाची हाक मात्र एकाच बाजूने येते. आणि हाकेत नाव घ्यायचं नाही. चिखलाला नाव कळलं की तो ते विसरत नाही. मठातल्या बायकांनी एब्बाला अशा समजुतींवर हसायला शिकवलं होतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधावं, असं त्या सांगत. ती हसायची, पण नाव घेऊन हाक तिनेही कधी दिली नव्हती. "घर इकडे," एवढंच म्हणायचं असे.

दुपार कलायच्या आत धुकं आलं. आधी बेट गेलं, मग काठ्या गेल्या, मग गवताची कड. आत्या वर भट्ट्यांकडे गेली होती. एब्बाने हात धुतले, सुरा पुसून ठेवला आणि ती खांबाकडे गेली. भराभर गेली नाही. बापाला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत गेली.

खांबाला हात लावून ती उभी राहिली तेव्हा बापाचाच आवाज आला. लांबून, डाव्या हाताकडून.

"पोरी!"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मारू दे थोड्या हाका, तिला वाटलं. विचारल्याशिवाय शब्द देतो. उभा राहू दे थोडा.

"पोरी, गं!"

मेंढ्यांचा आवाज येत होता. पाणी अजून लांब होतं, घाई नव्हती. ती पायाने गवत दाबत उभी राहिली.

मग तो ओरडला, "रागावलीस होय?" आणि त्यात हसू होतं.

तिलाही हसू आलं. आता द्यावी हाक, म्हणून तिने श्वास घेतला.

तेवढ्यात त्याच्या मागे, बऱ्याच मागे, लोखंडावर लोखंड घासलं. कुणीतरी खोकलं आणि कुणीतरी त्याला दबक्या, अनोळखी बोलीत गप्प केलं. मग पाण्यातून, चिखलातून, पावलं न वाजवता चालू पाहणाऱ्या पुष्कळ माणसांचा आवाज. ते त्याच्या आवाजामागे येत होते.

डेन. समुद्रापलीकडचे हे लुटारू शरद लागल्यावर कधी येत नसत. त्या वर्षी आले होते आणि बेटाच्या पलीकडल्या अंगाला गलबत लावून त्यांनी मेंढ्या न्यायला आलेल्या ऑर्डगारला त्याच्या नकळत पुढे जाऊ दिलं होतं.

एब्बाने घेतलेला श्वास तसाच ठेवला. हाक दिली की बाप येईल आणि त्याच हाकेवर तेही येतील. वर भट्ट्यांवर आत्या होती, लेओफाची पोरं होती, अख्खं गाव होतं. असं पुढे गाव म्हणालं. तिच्या मनात त्या वेळी गाव नव्हतं. तिची वाचाच बसली होती. तिने ओठ खांबाला दाबून धरले. खांबाला मिठाची आणि शेवाळाची चव होती.

ऑर्डगारने पुन्हा हाक दिली, पण आता दुसरीकडून. मग आणखी लांबून. मग भरती आली. भरतीचा आवाज लहान असतो, ताटात डाळ सांडावी तसा. त्यात माणसं ओरडू लागली. त्यांच्यात तो होता की नाही हे तिला ओळखू आलं नाही. शेवटी एकच आवाज उरला. तो "पोरी" म्हणाला, तेही विचारल्यासारखं.

मेंढ्या पोटापर्यंत भिजून धुक्यातून बाहेर आल्या आणि तिच्या अंगावरून घराकडे गेल्या.

धुकं विरलं तेव्हा खाडी भरून सपाट झाली होती.

डेनांची प्रेतं पुढच्या ओहोट्यांना लागत गेली. काहींच्या पायांत अजून जोडे होते. गावाने त्यांना खाजणाच्या कडेला पुरलं, प्रार्थनेशिवाय. ऑर्डगार मिळाला नाही.

लेओफा भल्या सकाळी मिठाची पिशवी घेऊन दारात आला. पिशवी त्याने उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाला, "माझी पोरं तुझ्यामुळे जिवंत आहेत. बाकीचं बोलणं... ते राहू दे. ते तुझ्या बापाचं आणि माझं होतं." पाद्रीबाबांनी रविवारी सांगितलं की जिभेला लगाम घालणारी स्त्री नगराच्या तटबंदीहून मोठी. बायका वाटेत भेटल्या की तिच्या हाताला हात लावत. आत्या म्हणाली, "त्यानेच लांब नेलं त्यांना. हाक दिली असतीस तर शिव्या घातल्या असत्या त्याने तुला. माझा भाऊ होता तो, मला ठाऊक."

एब्बा मान हलवी. लोखंड ऐकू येण्याच्या आधी काय झालं, हे तिला कुणीच विचारलं नाही. त्या हाकांना उत्तर मिळालं असतं तर तो सगळ्यांच्या कितीतरी पुढे, मेंढ्यांबरोबर, खांबाशी पोचला असता. दोघांनी पळत जाऊन गाव उठवलं असतं. ती रात्री हिशेब करी, आणि दर वेळी तो पोचत असे.

वाट धरायचं काम तिच्याकडे आलं. दुसरं कुणी नव्हतं. लहानपणी त्याच्या मागे हिंडून तिला ते येतही होतं. काठीने चाचपायचं, टाच आधी टेकवायची.

हिवाळ्यात पहिलं दाट धुकं आलं. त्या दिवशी गोठ्यातल्या मेंढ्या चारा खाता खाता थांबल्या आणि सगळ्या एकदम खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कान पुढे, जबडे स्थिर. धुकं सरलं तशा पुन्हा खाऊ लागल्या. लांडगा असेल, एब्बाने ठरवलं. खाडीकडून लांडगा येत नाही, हे तिला माहीत होतं.

वसंतात एका वादळानंतर तिने वाट नव्याने आखली. मधल्या एका वळणावर तिला खात्री नव्हती. दोन काठ्या तिने अंदाजाने रोवल्या. मध्ये धुक्याचा दिवस गेला. पुढच्या ओहोटीला ती गेली तेव्हा त्या दोन्ही काठ्या डावीकडे सरकल्या होत्या. तिने चाचपून पाहिलं. घट्ट जमीन तिथेच होती. प्रवाहाने काठी वाकते, पडते, वाहून जाते. उपटून दुसरीकडे ताठ उभी राहत नाही. ती बराच वेळ त्या काठ्यांपाशी उभी होती. मग पाणी चढू लागलं म्हणून परतली.

मग ठसे दिसू लागले.

धुकं उतरल्यावरच्या ओहोटीला ते असत, एरवी नाही. बेटाच्या बाजूने गावाकडे येणारी अनवाणी पावलं, आणि प्रत्येक डाव्या पावलाशेजारी काठीचं भोक. त्यांच्या मागे काही अंतर सोडून रुंद पट्टाभर चिखल तुडवलेला, जोडे घातलेल्या पायांचा. शिंपल्या वेचणारे आले असतील, ती स्वतःला म्हणाली. पण शिंपल्या वेचणारे जातात आणि परत येतात. हे ठसे फक्त येत होते. आणि उघड्या रेतीच्या मध्येच कुठेतरी संपत होते.

मठातल्या सवयीने तिने संपण्याची जागा नीट पाहिली. पावलं तिथे नाहीशी झाली नव्हती. तिथला चिखल जागच्या जागी मळला होता, टाचा वळल्या होत्या, भार या पायावरून त्या पायावर गेला होता. माणसं उभ्याने वाट पाहतात तेव्हा जमीन अशी होते.

पुढच्या धुक्यानंतर ते ठसे गावाच्या बरेच जवळ येऊन थांबले होते.

एका संध्याकाळी आत्या शेगडीशी बसून लोकर विंचरत होती. वर न बघता म्हणाली, "काल धुक्यात खांबाकडे गेली होतीस?"

"नाही. का?"

"म्हातारीचे कान. काहीही ऐकतात."

"काय ऐकलंस?"

आत्याने लोकरीतला काटा काढून आगीत टाकला. "माझ्या भावाला खोकला नव्हता. जन्मात कधी खोकला नाही तो."

एब्बाने शेगडीत एक लाकूड पुढे सारलं.

"हे बघ, धुकं आलं की दार लावून घेत जा. आणि काही ऐकू आलं तर ओ देऊ नकोस." आत्याने तिचा हात धरला. आत्याचे हात लोकरीच्या चरबीने गुळगुळीत होते. "एकदा नाही दिलीस, किती बरं केलंस. तसंच करायचं."

"आत्या, त्या दिवशी..."

"नको," आत्या घाईने म्हणाली. "काय असेल ते असू दे. मला नको सांगूस. मला त्याच गावात मरायचंय जिथे माझी भाची शहाणी आहे."

त्यानंतर एब्बाने दार लावायला सुरुवात केली. फळ्यांच्या फटीत लोकर कोंबली. धुक्याच्या दिवशी ती जातं ओढत बसे, दळायला काही नसलं तरी. जात्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. पण जातं थांबवल्यावर जी शांतता होई, ती कुणीतरी नुकतंच बोलून थांबल्यासारखी असे.

शरदात ऑर्डगारच्या नावाने प्रार्थना ठेवली. तो गेला त्याला वर्ष होत होतं. दुपारी सगळं गाव लाकडी देवळात जमलं. एब्बाला पुढे बसवलं. शेजारी लेओफा, त्याची पोरं, मागे भट्टीवरची माणसं. पाद्रीबाबांनी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, या वेळी थोडी लांबवून. त्यांच्या गोष्टीत बाप धुक्यातून ओरडून सांगत होता, मुली, गप्प राहा, आपलं सॅक्सन गाव वाचव. बायका डोळे पुसत होत्या. लेओफाची धाकटी पोर एब्बाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

एब्बा देवळाच्या उघड्या दाराकडे बघत होती. दाराबाहेर कबरी दिसत होत्या. मग जवळच्या तेवढ्या दिसू लागल्या. मग त्याही नाहीत.

तिने पोरीचं डोकं अलगद उचलून लेओफाच्या मांडीवर ठेवलं.

"कुठे?" तो कुजबुजला.

"बा येतोय," ती म्हणाली, आणि तोंडून काय निघालं हे कळून थबकली. लेओफाच्या चेहऱ्यावर आधी दया आली. मग त्याने दाराबाहेर पाहिलं आणि दया गेली.

"एब्बा. दार लावू दे मला. बस खाली."

"लाव," ती म्हणाली. "मी गेल्यावर लाव. अडसर घाल."

आत्या मागच्या बाकावरून उठली होती. तिने हाक मारली नाही. दोन्ही हात तोंडावर धरून ती उभी होती.

खाजणाची वाट पायांना पाठ होती. गवत ओलं होतं. मागे अडसर पडल्याचा आवाज आला, मग प्रार्थनेचा, मग तोही नाही.

खांब हाताला लागला.

तिने खाली वाकून पाहिलं. ओहोटीची रेती खांबापासून चार हातांवर सुरू होत होती. तिच्या कडेला चिखल मळलेला होता, ताजा, आणि टाचांच्या खळग्यांत पाणी अजून भरत होतं.

"पोरी."

ओरडून नव्हे. दारात उभं राहून माणूस बोलतो, तितक्या आवाजात.

तिला धुक्याखेरीज काही दिसलं नाही. वास आला, उधाणानंतर उघड्या पडणाऱ्या काळ्या गाळाचा. तो उभा होता तिथे धुकं थोडं अधिक राखाडी असावं, किंवा नसावं.

त्याच्या मागे लोखंड घासलं. कुणीतरी खोकलं.

या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही.

ते सगळे थांबले होते. वर्षभर, धुक्याधुक्याने इथवर येऊन, तिच्या एका शब्दासाठी. त्याशिवाय त्यांना पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं, त्यालाही नाही आणि त्यांनाही नाही. हे तिला कुणी सांगितलं नाही. त्या मळलेल्या चिखलाकडे बघून ते कळलं.

वर देवळात गाव होतं. अडसर जुना होता.

परत फिरता येत होतं. गप्प राहणं तिला येत होतं. त्यासाठीच तर तिचं नाव झालं होतं. गप्प राहिली असती तर भरती आली असती आणि ते सगळे, तो धरून, पुन्हा त्या पाण्याखाली गेले असते. पुढच्या धुक्यापर्यंत. त्याच्या पुढच्याही.

"पोरी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारणं होतं. ती आहे की नाही, एवढंच.

तिने खांबाला हात घट्ट केला.

"इकडे," ती म्हणाली. आवाज फुटला नाही. तिने पुन्हा श्वास घेतला. "इकडे, बा. घर इकडे."

चिखलातून एक पाऊल सुटलं. मग त्याच्या मागे सगळी सुटली, एकदम, एकाच दिशेला. त्यांच्यातून कुणीतरी अवघडलेल्या जिभेने तिचा शब्द उच्चारून पाहिला. घर. मग आणखी कुणी. घर. थकलेल्या माणसांसारखे, एकामागून एक.

एब्बा डोळे मिटून बोलत राहिली, कारण आता हाक थांबवून चालणार नव्हतं.

"इकडे, बा. मी आहे इथे. तुझी पहिली हाक आली ना, मी तेव्हाही इथेच होते."